पुस्तक मिटा, मग अभ्यास करा!

मुलांनो, सूर्यमाळ तुम्ही नकाशात कधी शोधलंय का? पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात, डोंगरावर वसलेलं हे गाव. या जव्हार-मोखाडा भागातली पुष्कळ घरं दिवाळीनंतर 'जगायला' जातात, म्हणजे वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर. मोठी मुलं आश्रमशाळेत राहतात. काहींना मात्र धाकट्या भावंडांना सांभाळायला सोबत जावं लागतं. दहावीच्या वर्षात दोन महिने असे गेले, की उरलेला तास न् तास मोलाचा!

अन् त्या तासात बहुतेक मुलं करतात काय? धडा वाचतात, पुन्हा वाचतात, ओळींखाली रेघा मारतात. मोठ्यानं वाचलं की घरचेही खूश. पण तिसऱ्यांदा वाचताना धडा ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे.

अमेरिकेत 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. त्यातला एक चक्क सूर्यावरचा होता! उतारा एकदा वाचून झाल्यावर कधी तो पुन्हा वाचायला सांगितला, तर कधी कागद मिटून आठवेल ते लिहायला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचलेलंच जास्त आठवलं. गंमत पुढं आहे. आठवड्यानं पाहिलं तर पुन्हा वाचलेल्यातलं 42 टक्के आठवत होतं, आठवून लिहिलेल्यातलं 56 टक्के.

विसरणं पहिल्या काही तासांतच सगळ्यांत जोरात होतं, हे तर जर्मनीच्या एबिंगहाउसनं 1885 सालीच दाखवलं होतं. म्हणून आज वाचलेलं उद्या आठवून पाहायचं, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. एका रात्रीत पाच तास बसण्यापेक्षा हे बरं.

इथल्या मुलांना आणखी एक अडचण असते. घरात वारली, नाहीतर कातकरी बोली; पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. अशा वेळी धडा आधी घरच्या बोलीत सांगून पाहावा. आपल्या बोलीत सांगता आला नाही, तर तो कळलेलाच नाही असं खुशाल समजा.

पालकांनो, "आम्ही अडाणी, आम्ही काय अभ्यास घेणार?" असं म्हणू नका. नागली पाखडता पाखडता पोरीला विचारा, "आज काय शिकलीस? मंग पुढं?" ती कुठं अडखळते ते ऐकणाऱ्याला वाचता येत नसलं तरी कळतं. आपल्याच जिल्ह्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुराखी मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती, तिचं नाव कुरणशाळा. गुरांमागं शाळा जाऊ शकते, तर चुलीपाशी उजळणी का होऊ नये?

आणि भट्टीवर जावंच लागलं, तर सगळं दप्तर नेणं जमत नाही. तेव्हा एक शंभरपानी वही घ्या. डाव्या पानावर प्रश्न लिहा, उजव्या पानावर उत्तरं. संध्याकाळी उजवं पान झाका आणि धाकट्या भावंडाच्या हाती वही देऊन म्हणा, "विचार मला!"