वजने थोडी, पोरे फार

नरसी नामदेवच्या शिवारात हळदीचा करपा पाहायला गेलो की हल्ली आणखी एक प्रश्न हमखास निघतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले गाठतात नि म्हणतात, "साहेब, व्यायामशाळेत वजनाच्या दोन जोड्या अन् आम्ही पोरं पंधरा. रोज हिंगोलीला जायचं तर पेट्रोलला पैसे कुठून आणायचे?" हा प्रश्न कृषी खात्याचा नव्हे. पण हाताशी आहे तेवढ्या साधनांत जास्त उत्पन्न कसे काढावे, एवढे आम्हांस कळते.

अलीकडच्या भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना ७.२६० किलोचा व मुलींना ४ किलोचा गोळा फेकावा लागतो आणि त्याला १५ गुण असतात. नुसते धावून ते मिळत नाहीत. त्याला खांदा, कंबर आणि मांड्या लागतात.

तरुण मित्रांनो, वजन लोखंडाचे आहे की मातीचे, हे स्नायूला कळत नाही. सवयीपेक्षा थोडा जास्त भार पडला, एवढेच त्याला कळते. प्राचीन काळी मायलो नावाचा ग्रीक मल्ल होऊन गेला. तो एक वासरू रोज उचलीत असे, वासरू वाढत गेले तसे याचे बळही वाढले, अशी आख्यायिका आहे. खरेखोटे काही असो, मर्म त्यात आहे. आपल्या तालमीत तरी काय होते? लाल मातीचा हौदा, मुद्गलाची जोडी, दगडी नाल, चढायला दोर आणि बाकी जोर-बैठका. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतून घडले आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

आता गावातली सोय पाहू. युरियाची रिकामी गोणी घरोघर असते. ती धुऊन वाळवा. तिच्यात एकदम माती भरू नका, ती आत सरकते आणि कमरेला हिसका देते. वाळलेली माती ५-५ किलोच्या लहान पिशव्यांत घट्ट बांधा. पिठाच्या गिरणीत काटा असतोच, त्यावर तोलून घ्या. सुरुवातीला अशा तीन-चार पिशव्या गोणीत घालाव्यात आणि गोणी सहज पेलू लागली की एक पिशवी वाढवावी. खताचा हप्ता पिकाच्या वाढीप्रमाणे देतो, तसेच हे. (कयाधूची वाळू मात्र आणू नका, तलाठी माझ्याकडे बोट दाखवील!) पाण्याचा कॅनही चालतो, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. पण कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा डबा, कितीही धुतला तरी, व्यायामाला आणू नये.

वजन वाढविण्याची सोयच नसेल तर? मग कामाची रीत बदलावी. बैठकीत खाली जाताना मनात चार आकडे मोजा, तळाशी क्षणभर थांबा, मग उठा. पाय ओट्यावर ठेवून जोर काढा. गोणी खांद्यावर घेऊन एका पायाने ओटा चढा. हलक्या वजनाने पंचवीस-तीस वेळा, स्नायू थकेपर्यंत काम केले तरी स्नायू वाढतात, असे शास्त्र सांगते. जड वजन उचलण्याची निखळ ताकद हवी असेल तर मात्र जड वजनच लागते, तिथे पळवाट नाही. गोळ्याला झपाटाही लागतो. त्यासाठी एक पिशवी छातीपासून दोन्ही हातांनी, पायांचा जोर लावून, लांब ढकलावी.

जोर-बैठकांत ओढण्याचे काम नसते. ते राहून जाते आणि खांदे पुढे झुकतात. त्यासाठी पक्का दोर वा आडवा पाइप हवा. वर चढता येत नसेल त्याने वर टेकू घेऊन लोंबावे आणि सावकाश खाली यावे.

पंधरा पोरांचे पाच गट करा. दोन गटांना वजनाच्या जोड्या, एकाला गोण्या, एकाला दोर, एकाला जोर. दहा मिनिटांनी जागा बदला. गटातला एक जण उचलतो तेव्हा दोघे दम खातात आणि त्याच्याकडे लक्षही ठेवतात.

वडीलधारी मंडळी म्हणतात, "शेतात राबतो, तोच व्यायाम की!" राबणे खरे, पण दिवसभर निंदणीत कंबर एकाच जागी वाकलेली असते. त्याने अंग थकते, भार पेलण्याची ताकद वाढतेच असे नाही. उलट सोयाबीन काढणीच्या दिवसांत व्यायाम आठवड्यातून दोनदाच ठेवावा. एरवीही एक दिवसाआड पुरे. गोणी उचलताना गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, श्वास कोंडू नका. रक्तदाब किंवा हर्निया असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

पावडरीच्या डब्यांवर पैसे घालवू नका. शेंगदाणे, फुटाणे, अंडी, दूध घरचेच आहे. सोयाबीनमध्ये शंभरात सुमारे ४० भाग प्रथिने असतात, आणि आपण ते पोत्याने विकून टाकतो! ते कच्चे खाऊ नये, भिजवून नीट शिजवावे. आणि बीजप्रक्रिया केलेले बियाणे चुकूनही चुलीकडे नेऊ नये.

मुलींसाठी व्यायामशाळेत वेगळी वेळ ठेवा. गोळा त्यांनाही फेकायचा आहे. क्रीडा खात्याची व्यायामशाळा विकास योजना आहे. ग्रामपंचायतीने जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी.

तोवर एक वही घाला. तारीख, किती पिशव्या, किती वेळा, एवढेच लिहा. आणि मृगाच्या आधी त्या मातीच्या पिशव्या कोरड्या जागी हलवा. भिजलेली माती जड होते आणि वहीतला आकडा खोटा पडतो.