थंडी सरेपर्यंत रोपं खिडकीतच

एप्रिलच्या मध्याला ब्रिटनमध्ये एखाद्या दुपारी असं ऊन पडतं की अंगातला कोट काढावासा वाटतो. दुकानांच्या दारात टोमॅटो-मिरचीची रोपं मांडलेली असतात. घरात खिडकीच्या कट्ट्यावर मार्चमध्ये टाकलेलं बी वीतभर वाढलेलं असतं. हात शिवशिवतात, आणि घाई नडते ती इथेच. रोप दुपारी मरत नाही, पहाटे मरतं.

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन रात्रभर आपली ऊब वर सोडत राहते. ढगांचं पांघरूण नसलं की जमिनीलगतची हवा झपाट्याने गारठते. हवामानाच्या अंदाजातलं तापमान असतं जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरचं. त्यामुळे ‘किमान ३ अंश’ ऐकून निर्धास्त झोपलेल्याच्या वाफ्यावर सकाळी पांढरं दहिवर दिसू शकतं. त्यातून थंड हवा जड. ती उतारावरून ओघळून सखल जागी, भिंतीआड साचते. नगरपालिकेकडून भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या तुकड्यांवर, म्हणजे अलॉटमेंटवर, वरच्या अंगाचा शेजारी बचावतो आणि खालच्याचा घेवडा काळा पडतो.

२०२१ चा एप्रिल तिथले बागकाम करणारे अजून विसरलेले नाहीत. दिवसा ऊन भरपूर, पण देशभराच्या सरासरीने १३ रात्री पारा शून्याखाली. १९६० पासूनच्या नोंदींत इतका गोठलेला एप्रिल नव्हता. त्याच महिन्यात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत कोवळे कोंब वाचवायला रात्रभर मेणबत्त्या जळत होत्या. निफाडचे बागाईतदार कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, तोच हा खटाटोप.

दहिवर टळलं म्हणून काम भागत नाही. टोमॅटो मुळात दक्षिण अमेरिकेतला. रात्री १० अंशांखाली जात असतील तर तो मरत नाही, पण अडून बसतो. पानं जांभळट होतात, मुळं काम करीनाशी होतात. घेवड्याच्या बियांना माती साधारण १२ अंशांची लागते. गार, ओल्या मातीत त्या उगवण्याऐवजी कुजतात. भारी चिकणमाती पाणी धरते, म्हणून उशिरा तापते. गादीवाफा लवकर तापतो. मातीची ऊब पाहायला जुने इंग्रज शेतकरी विजार उतरवून शेतात बसत असत, अशी एक कथा सांगतात. खरी असो नसो, दहा पौंडांचा मातीचा थर्मामीटर कमी लाजिरवाणा आहे.

जर्मनीत वाट किती पाहायची, हे संतांवर सोपवलं आहे. ११ ते १५ मे या दिवसांच्या संतांना तिथे ‘बर्फाळ संत’ म्हणतात. १५ मेची ‘थंड सोफी’ गेल्याशिवाय नाजूक रोप बाहेर लावायचं नाही. गंमत अशी, की हा आडाखा जुन्या पंचांगावरचा. १५८२ च्या कॅलेंडर-सुधारणेत तारखा दहा दिवसांनी सरकल्या. म्हणजे जुन्या हिशेबाने सोफी २५ मेच्या सुमारास येते, आणि उत्तर इंग्लंड-स्कॉटलंडच्या बागांना तीच तारीख जास्त मानवते.

तोवर रोपं काटक करायची. दोन-तीन आठवडे दिवसा बाहेर, रात्री आत. आधी सावलीत, मग उन्हात. वाऱ्याने खोड जाड होतं, पानांवरचा मेणाचा थर वाढतो. काचेआडून थेट वाफ्यात गेलेलं रोप उन्हानेही भाजतं. रात्री पांढऱ्या पातळ फ्लीस कापडाने झाकलं तर एक-दोन अंशांचा आधार मिळतो. त्याहून जास्त भरवसा ठेवू नये. माझ्या मते मात्र सगळ्यात स्वस्त उपाय मोठी कुंडी हाच आहे. रोप त्यात हलवलं की मुळांना जागा मिळते आणि आपल्याला पंधरा दिवस. मेअखेरीस ऊबदार मातीत गेलेला टोमॅटो एप्रिलमध्ये गारठलेल्याला सहसा गाठतोच.

आणि वाफे रिकामे ठेवायचं कारण नाही. वाटाणा, पालक, मुळा गारव्यात खुशाल येतात. तिकडच्या मराठी घरांची कोथिंबीर तर थंडीतच शहाण्यासारखी वागते. उन्हाळा चढला की लगेच फुलावर येते. दुधीला जूनपर्यंत थांबवावं. भेंडीचा हट्ट असेल तर काचघर बांधावं. इंग्लंडच्या साध्या उन्हाळ्यात उघड्यावर ती रुसलेलीच असते.