आजीच्या डब्यातला निजाम

ऑफिसमधल्या माझ्या एका मैत्रिणीच्या डेस्कवर किंग चार्ल्सच्या राज्याभिषेकाचा मग आहे. २०२३चा, थेट लंडनहून आणलेला. त्यात ती कॉफी पीत नाही, पेनंही ठेवत नाही. नुसता बघायचा! मला ते जाम फनी वाटायचं. पण गेल्या दिवाळीत बीडला घरी गेले आणि बोलती बंद झाली. आमच्याच देवघरात एक राजा निघाला.

लक्ष्मीपूजनाला आजी एक पितळी डबा काढते. त्यातले चांदीचे रुपये ताम्हनात मांडून हळदकुंकू वाहते. लहानपणापासून बघतेय, पण नाणं कधी हातात घेऊन पाहिलं नव्हतं. पाहिलं, तर त्यावर चक्क चारमिनार!

"हालीचा रुपया आहे तो," आजी म्हणाली.

हाली म्हणजे हैदराबाद संस्थानचं स्वतःचं चलन. बीड सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, हे शाळेत पाठ केलेलं. ते राज्य असं हळदीत माखून घरात बसलं असेल, हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं. नाण्यावरच्या चारमिनारच्या कमानीत एक बारीक अक्षर दिसतं. ते उर्दूतलं 'ऐन', म्हणजे सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावाचं पहिलं अक्षर. हाच तो, ज्याला १९३७ साली 'टाइम'नं जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून कव्हरवर छापलं. त्याच्या ज्युबिलीच्या भेटवस्तू हैदराबादच्या पुरानी हवेलीतल्या म्युझियममध्ये आहेत. २०१८मध्ये तिथून सोन्याचा टिफिन चोरीला गेला होता. पोलिसांनी तो परत मिळवला आणि सांगितलं, की चोर त्यात जेवत होता. (कलेक्टरपेक्षा चोरच रसिक म्हणायचा!)

मग काय, पुण्यात परतल्यावर जुन्या बाजाराच्या फेऱ्या सुरू. पहिल्याच रविवारी मी एक 'निजामी रुपया' घेतला आणि मस्तपैकी फसले. सोनाराच्या काट्यावर तो आठ ग्रॅमही भरेना. तुम्हालाही हा नाद लागणार असेल, तर लक्षात ठेवा : असली चारमिनार रुपया साधारण ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी ८२ टक्क्यांच्या आसपास. ब्रिटिशांचा कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदीही जास्त. म्हणूनच सात हालीला सहा कलदार असा भाव होता. आणि हो, नाणं चमकवायला घासू नका. जुनेपणाच जातो.

हे सगळं ज्ञान मी फोनवर आजीला उत्साहानं ऐकवलं. म्हटलं, "आजी, तुझ्याकडे रॉयल कलेक्शन आहे!"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "निजामाचं कौतुक मला सांगू नकोस बाई."

१९४८ला ती दहा वर्षांची होती. रझाकारांच्या भीतीनं घरदार रात्रीतून नगर जिल्ह्याच्या हद्दीत गेलं. तिच्या आईनं अकरा रुपये तिच्या परकराच्या नेफ्यात शिवले होते. "चालताना टोचायचे. आणि तिकडं कलदाराचं राज्य. हाली दिला की दुकानदार बट्टा कापायचा."

अकरातले चार तिकडेच संपले. दोन बहात्तरच्या दुष्काळात गेले, दोन आत्याच्या लग्नात जोडव्यांसाठी सोनाराकडे वितळले. उरले तीन. हाली सिक्का १९५९मध्ये कायमचा बंद झाला, तरी आजीचा हिशेब चालूच आहे.

"मग पूजेत कशाला ठेवतेस?" मी विचारलं.

"आईनं शिवून दिले होते म्हणून. त्यावर कोण आहे ते मी बघतच नाही."

संक्रांतीला पुन्हा घरी गेले, तेव्हा तिनं डब्यातला एक रुपया माझ्या हातावर ठेवला. डेस्कवर मांडायचा नाही, पाकिटात टाकायचा नाही आणि दिवाळीला परत आणायचा, या अटीवर. सध्या तो माझ्या कपाटात, आजीनंच दिलेल्या खणाच्या पिशवीत आहे. मैत्रिणीला अजून दाखवलेला नाही.