एका तारेवर पाच बटणे

अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या उशाशी पाच बटणांची एक लहानशी पाटी असावी, आणि त्याने बटण दाबताच स्वयंपाकघरात घंटा वाजून त्याला काय हवे ते कळावे, ही कल्पना साधीच आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना ती 'आर्डुइनो उनो' या फलकावर सुट्टीच्या दोन दिवसांत साकारता येईल. अडचण येते ती तारांची. पाच बटणांना पाच तारा, परतीची सहावी, आणि फलकावरच्या पाच जागा अडणार त्या वेगळ्याच!

परंतु या फलकाच्या सहा जागा अशा आहेत, की तेथे नुसते 'आहे' वा 'नाही' एवढेच न कळता विद्युद्दाब मोजता येतो. शून्य ते ५ व्होल्ट दाबाचे १०२४ भाग पाडून ० ते १०२३ यांपैकी एक आकडा मिळतो. तेव्हा प्रत्येक बटणाने निराळा दाब दाखविला, की दोन तारांत काम भागते. तारेच्या कित्येक इअरफोनांवरील बटणे याच युक्तीने ओळखली जातात.

फलकापाशी ५ व्होल्ट आणि मोजणीची जागा यांच्यामध्ये २००० ओहमचा रोधक जोडावा. मोजणीच्या जागेपासून निघालेली तार पाटीपर्यंत न्यावी व तेथे ३३०, ६२०, १००० आणि ३३०० ओहमचे रोधक माळेसारखे एकापुढे एक जोडावेत. पहिले बटण माळेच्या आरंभी, पुढचे प्रत्येक एकेका रोधकानंतर. दाबलेले बटण आपली जागा परतीच्या तारेला जोडते. पहिल्याने आकडा ० येतो, पुढच्यांनी सुमारे १४५, ३२९, ५०५ आणि ७४१. काहीच न दाबल्यास १०२३. आकडे थोडे मागेपुढे होतात, म्हणून दोहोंच्या मधोमध सीमा आखाव्यात. बटण दाबले जाताना क्षणभर भलताच आकडा उमटतो. २० मिलिसेकंदांच्या अंतराने दोनदा तेच उत्तर आले, तरच ते खरे मानावे.

आता बटणांचा क्रम. थरथरत्या हाताने दोन बटणे एकदम दाबली गेली, तर माळेतील अलीकडचे तेवढे ओळखले जाते, पलीकडचे मुळीच कळत नाही. म्हणून 'लवकर या' हे बटण पहिलेच हवे. त्यातही एक मेख आहे. गंजाने त्या बटणात दीडशे ओहमांहून थोडा अधिक रोध आला, की त्याची हाक दुसऱ्या बटणाच्या नावाने वाजते! यास्तव दुसरे स्थान 'औषध' याला द्यावे, 'पंखा' याला नव्हे. औषध घेऊन का होईना, कोणीतरी धावत येईल. (पंख्याचे बटणही येथे केवळ हाक देणारे आहे. घरच्या विजेच्या तारांचा या पाटीशी संबंध येऊ देऊ नये.)

याहून घातक दोष म्हणजे तुटलेली तार. तार तुटली तरी आकडा १०२३ च येतो, आणि घरची मंडळी समजतात की आजोबा शांत झोपले आहेत. म्हणून माळेच्या शेवटच्या टोकापासून परतीच्या तारेपर्यंत १०००० ओहमचा आणखी एक रोधक कायमचा जोडून ठेवावा. बटणांच्या आकड्यांत त्याने काहीच फरक पडत नाही. मात्र स्वस्थ असताना आकडा सुमारे ९०४ राहतो. तो ९६० च्या वर गेला, की घंटेने निराळ्या सुरात ओरडावे. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर आकडा ० होऊन 'लवकर या' आपोआपच वाजेल.