प्लॅस्टिकच्या मिश्रणांची पारख

सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील जत व आटपाडी हे तालुके पर्जन्यछायेचे. तेथे पाण्याचा थेंबन् थेंब जपावा लागतो. म्हणूनच ठिबक सिंचनाच्या नळ्यांना या भागात मोठे महत्त्व आले आहे. तासगावच्या द्राक्षबागांत त्या दिसतात, तर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरलेला असतो. खताची पोती, प्लॅस्टिकची सुतळी व पीव्हीसीचे पाइप यांची त्यात भर पडते. निकामी झाल्यावर हे सारे भंगारात एकत्र येते. ते वितळवून पुन्हा टिकाऊ नळी करता येईल काय, याचे उत्तर एका प्रश्नात दडले आहे : ही प्लॅस्टिके परस्परांत खरोखर मिसळतात काय?

साखळ्यांचा स्वभाव

प्लॅस्टिक म्हणजे बहुवारिक. हजारो दुव्यांच्या लांब साखळ्यांसारखे रेणू. लहान रेणूंच्या दोन द्रवांना परस्परांत विखुरण्याचे असंख्य मार्ग मोकळे असतात. लांब साखळ्यांना ते स्वातंत्र्य फारसे नसते. त्यामुळे दोन बहुवारिकांत किंचितही नावड असली, तरी ती विलग राहतात. पॉल फ्लोरी व मॉरिस हगिन्स या शास्त्रज्ञांनी १९४० नंतरच्या दशकात या वर्तनाचे गणित स्वतंत्रपणे मांडले. फ्लोरी यांना १९७४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ठिबकच्या नळीतील पॉलिएथिलीन आणि पोत्यातील पॉलिप्रॉपिलीन ही तर एकाच कुळातील. तरीही ती एकजीव होत नाहीत. यंत्रात कितीही घोटली, तरी एकाचे सूक्ष्म गोळे दुसऱ्यात अडकून राहतात. गोळ्यांच्या सीमेवर पकड दुबळी असते. ताण पडला की चीर तेथूनच सुरू होते.

परीक्षेच्या पद्धती

पहिली कसोटी डोळ्यांची. पारदर्शक मिश्रण एकजीव आणि दुधी मिश्रण विलग, असा ढोबळ अंदाज बांधतात. परंतु पॉलिएथिलीन मुळातच दुधी असल्याने तेथे ही कसोटी निरुपयोगी ठरते. दुसरी कसोटी सूक्ष्मदर्शकाची. नमुना द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून मोडतात व मोडलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. विलग मिश्रणात गोळे आणि ते निसटून पडलेले खळगे स्पष्ट दिसतात.

तिसरी कसोटी उष्णतेची. काचेसारखे कडक बहुवारिक ज्या तापमानाला मऊ पडू लागते, ते त्याचे काच-संक्रमण तापमान. पॉलिस्टायरीनचे हे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअस, तर पॉलिफिनिलीन ऑक्साइडचे सुमारे २१० अंश असते. या दोहोंच्या समभाग मिश्रणात मात्र १५० अंशांच्या आसपास एकच संक्रमण आढळते; ती खऱ्या मिलाफाची खूण होय. दोन वेगळी संक्रमणे आढळली, तर मिश्रण विलग समजावे. पुनर्वापराच्या मालातही हे उपकरण उपयोगी पडते. पॉलिएथिलीन साधारणतः ११० ते १३५ अंशांना वितळते, तर पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या पुढे. त्यामुळे नळीच्या मालात पोत्याची भेसळ असल्यास ती आलेखावर उघड होते.

वर्गवारी हाच पाया

पाण्याच्या टाकीत पीव्हीसी बुडते, म्हणून ते सहज वेगळे निघते. ते वेगळे काढणे आवश्यकच आहे. कारण अधिक तापल्यास त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते व यंत्र गंजते. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन मात्र दोन्ही तरंगतात. त्यांची निवड वस्तूनुसार, हातानेच आधी करावी लागते. जेथे मिश्रण अटळ असेल, तेथे दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा मध्यस्थ पदार्थ मिसळून सीमेवरील पकड वाढवता येते. पण त्याने खर्चही वाढतो.

ठिबकच्या पॉलिएथिलीन नळ्यांसाठी आय. एस. १२७८६ हे भारतीय मानक आहे. खरेदीच्या वेळी ते पाहून घेणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. ऐन उन्हाळ्यात नळी तडकली, तर नुकसान केवळ नळीचे होत नाही. साऱ्या हंगामाचे होते. भंगार गोळा होतानाच नळ्या, पोती व पाइप यांचे ढीग निरनिराळे ठेवले, तर या नुकसानीला मुळातच आळा बसेल.