विंचुर्णीचे दर्यावर्दी गुरू

फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीपासून समुद्र बराच लांब. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी नौदलातून १९८३ साली निवृत्त झाले आणि पुढे याच गावात राहिले. पण त्यांच्या मनातला समुद्र काही निवृत्त झाला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये, ९१ व्या वर्षी ते गेले. वर्तमानपत्रांनी त्यांचे वीरचक्र आठवले, आणि ते योग्यच. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडच्या ताफ्यातल्या 'कामोर्ता' या युद्धनौकेचे ते कप्तान होते. मला मात्र त्यांच्यातला गुरू अधिक मोठा वाटतो.

त्याला कारण आहे. मी वाढलो बालाघाट जिल्ह्यातल्या भरवेलीत. मँगनीजच्या खाणीचे गाव ते. तिथली माणसे जमिनीच्या पोटात उतरतात, समुद्र भूगोलाच्या पुस्तकात पाहतात. नोकरीसाठी या सीमाभागात आलो तेव्हा समुद्र घाटापलीकडे आला, एवढेच. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी नौदलात जायचे म्हणून विचारायला आला. मी म्हटले, "अरे, पोहता तरी येते का?" आजूबाजूची मुले हसली. तो पुन्हा काही विचारायला आला नाही.

आवटींनी असे कुणाला विचारले नसते. भारतीय माणसाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास. स्वतःचे वय उलटून गेलेले. मग २००६ मध्ये नौदलातले दिलीप दोंदे पुढे आले. दोंदे पाणबुडे खरे, पण असल्या सफरीचा अनुभव त्यांच्याही गाठीशी नव्हता. नौका बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांनी. ५६ फुटी नौकेचे नाव 'म्हादई'. आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी, कन्नड पेपरांत 'महादायी' म्हणून छापली जाणारी नदी तीच. आपल्याकडे हे नाव निघाले की पाण्याचा तंटाच आठवतो. पण त्याच नावाची नौका ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाली आणि चार बंदरे घेत मे २०१० मध्ये पृथ्वीला वळसा घालून परतली. एकट्याने अशी प्रदक्षिणा करणारे दोंदे पहिले भारतीय.

त्या सफरीत किनाऱ्यावरून मदत करायला होते अभिलाष टॉमी, नौदलाचे वैमानिक. समुद्रावर टेहळणी करणारी विमाने चालवणे हे त्यांचे काम. पुढची पायरी त्यांची. नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३, त्याच 'म्हादई'तून, एकटे, कुठेही न थांबता.

सप्टेंबर २०१८ मध्ये टॉमी पुन्हा एकटेच दक्षिण हिंदी महासागरात होते. शर्यतीचा नियम असा की साधने पन्नास वर्षांपूर्वीची हवीत, म्हणजे दिशा ताऱ्यांवरून काढायची. वादळाने 'तुरिया' उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. उठताही येईना. आयुष्यभर समुद्रावर नजर ठेवणारा माणूस खाली बिछान्यावर पडलेला, आणि वरून त्याला शोधत आलेले आपल्याच नौदलाचे पी-८आय हे टेहळणी विमान! विमानातल्या मंडळींनी मोडकी नौका हेरली आणि फ्रान्सच्या 'ओसिरिस' या जहाजाने २४ सप्टेंबरला टॉमींना उचलले. त्यानंतर दीडेक महिन्यात आवटी गेले.

असा अपघात झाला की 'कशाला हवे होते असले धाडस' म्हणणारे भेटतातच. आमच्या स्टाफरूममध्येही भेटले. टॉमींनी त्याचे उत्तर समुद्रावर दिले. शस्त्रक्रियेनंतर ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

दरम्यान नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून मे २०१८ मध्ये प्रदक्षिणा करून आल्या होत्या. त्यांना तयार केले दोंदे यांनी. मग दिलना आणि रूपा या दोघीच निघाल्या, ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून, आणि मे २०२५ मध्ये गोव्यातच परतल्या. त्यांना शिकवायला होते अभिलाष टॉमी.

माझा तो विद्यार्थी आता कुठे असतो, याची चौकशी मी सुरू केली आहे.