एका सायकलीचा जीर्णोद्धार

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करायचा म्हणून काळ्या पाषाणावर ऑइलपेंटचे थर चढवले जातात आणि काही वर्षांनी तोच रंग खरवडून काढण्यासाठी तज्ज्ञांना पाचारण करावे लागते, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. आकाराने लहान, पण स्वरूपाने असाच पेच अमेरिकेतील जुन्या माउंटन बाइकच्या चाहत्यांपुढे उभा राहतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी एखाद्या कारागिराने हाताने घडवलेली सायकल अडगळीत सापडते. रंग उडालेला, टायर कुजलेले, चेन गंजून एकजीव झालेली. तिला नवी करायची की जुनी राखायची, हा त्यातला खरा प्रश्न असतो.

हा प्रश्न समजून घ्यायचा तर या सायकलीचा जन्म कसा झाला, हे पाहावे लागते. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, माउंट टॅमलपायस डोंगराच्या परिसरात, १९७० च्या दशकात काही तरुण १९३०-४० च्या काळातील जाड टायरच्या जड सायकली घेऊन मातीच्या रस्त्यांवरून सुसाट उतरत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची पहिली शर्यत झाली. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या अंतरात चारशे मीटरचा उतार होता. पॅडल मागे दाबून लावायचा ब्रेक इतका तापे की हबमधले ग्रीस जळून धूर निघे आणि शर्यतीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच ‘रिपॅक’ पडले.

जुन्या फ्रेम हे हाल सोसेनात. तेव्हा १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची खास फ्रेम बांधली. ती ‘ब्रीझर’ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. १९७९ मध्ये टॉम रिची यांनी बांधलेल्या फ्रेम घेऊन गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ हा व्यवसाय सुरू केला. १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची जपानमध्ये तयार झालेली ‘स्टम्पजंपर’ बाजारात आली आणि कारागिराच्या कार्यशाळेतील ही वस्तू कारखान्यात गेली.

उसन्या भागांचा काळ

या पहिल्या काही वर्षांत माउंटन बाइकसाठी म्हणून बनवलेले सुटे भाग जवळपास नव्हतेच. ‘माफॅक’चे कँटिलिव्हर ब्रेक आणि ‘टीए’ची क्रँक फ्रान्समधील लांब पल्ल्याच्या प्रवासी सायकलींकडून उसनी घेतलेली, ब्रेकचे लिव्हर ‘मागुरा’ या जर्मन कंपनीचे, मोटारसायकलसाठी बनवलेले, गियर बदलण्याचे अंगठ्याचे लिव्हर जपानच्या ‘सनटूर’चे. १९८२ च्या सुमारास ‘शिमानो’ने ‘डिओर एक्सटी’ हा खास डोंगरी सायकलींचा संच आणला आणि ही उसनवारी हळूहळू संपली.

म्हणूनच जीर्णोद्धारात त्या काळातील भागांना एवढे महत्त्व आहे. हा केवळ संग्राहकांचा हट्ट नव्हे. नव्या वाहनाची कल्पना सुचली आहे, पण त्याचे अवयव अजून जन्मायचे आहेत, अशा अवस्थेचा तो पुरावा आहे. अशा फ्रेमवर आजचे डिस्क ब्रेक चढवले तर सायकल कदाचित चांगली थांबेल. पण मोटारसायकलचा लिव्हर तिथे का होता, हा प्रश्न मग कोणालाच पडणार नाही.

भाग कोणत्या काळचा, हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. शिमानोच्या जुन्या भागांवर दोन अक्षरे ठोकलेली असतात. पहिले अक्षर वर्षाचे, दुसरे महिन्याचे. ‘ए’ म्हणजे १९७६ असे धरून पुढे मोजत गेले की ‘एच’ म्हणजे १९८३ आणि ‘एचसी’ म्हणजे मार्च १९८३. ही तारीख अर्थातच त्या भागाची. तो सायकलीवर काही महिन्यांनी चढलेला असू शकतो.

मात्र येथे एक गुंतागुंत आहे. कारखान्यातील सायकलीचे माहितीपत्रक मिळते, त्यातील यादी पडताळून पाहता येते. हाताने घडवलेली फ्रेम पुष्कळदा नुसतीच विकली जाई आणि भाग गिऱ्हाईक आपल्या ऐपतीप्रमाणे निवडे. पुढे ब्रेक कमी पडले म्हणून त्याने १९८७ मध्ये नवे बसवले असतील, तर ते काढावेत का? काहींच्या मते काढावेत, कारण ते मूळचे नाहीत. इतरांच्या मते ते ठेवावेत, कारण सायकल खरोखर चालवली गेल्याची ती साक्ष आहे. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. पण काढलेला भाग फेकून न देता चिठ्ठी लावून जपून ठेवावा, याबाबत दुमत होण्याचे कारण नाही.

आधी पाहणी, मग पाना

जाणकार माणूस पाना हाती घेण्यापूर्वी सायकलीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढतो. केबल कोणत्या मार्गाने गेली आहे, वायसर कोणत्या क्रमाने आहेत, हे एकदा उघडल्यावर आठवत नाही. त्यानंतर फ्रेमची परीक्षा. मागच्या चाकाच्या एका खाचेतून दोरा काढून तो पुढच्या हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजायचे. अंतर सारखे असेल तर फ्रेम सरळ आहे, नसेल तर कधी तरी तिने मार खाल्ला आहे.

सर्वांत छळणारा भाग म्हणजे अडकलेला सीटचा दांडा. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षे ग्रीसविना राहिला की ओलाव्यामुळे दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होते आणि ॲल्युमिनियमचा क्षार फुगून दांडा जाम बसतो. आधी गंज सोडवणारे तेल, दिवसचे दिवस वाट पाहणे आणि मग हलका पीळ, हा सभ्य मार्ग. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खाऊन टाकतो आणि पोलाद शाबूत ठेवतो. पण त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, कातडी भाजते आणि फ्रेमचा मूळ रंगही उतरतो. फ्रेम वाचवणारा उपाय रंगाचा बळी घेऊ शकतो. नवा दांडा निवडताना २६.८ की २७.२ मिलिमीटर, हे कॅलिपरने मोजूनच ठरवावे लागते. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असलेल्या या फरकाने नळी फाटू शकते.

रंगाचा मोह

रंग हा जीर्णोद्धारातील सर्वांत मोठा मोह. काही कारागिरांनी नळ्यांचे सांधे पितळेचा डाख देऊन भरले आणि कानशीने घासून इतके गुळगुळीत केले की एक नळी दुसरीतून उगवल्यासारखी वाटावी. या कानशीच्या कामात कारागिराचा हात ओळखू येतो. वाळूच्या जोरदार माऱ्याने जुना रंग काढला तर मिलिमीटरभरही जाड नसलेली नळी आणखी झिजते. वर पावडर कोटिंगचा जाड थर दिला तर घासकामाचे बारकावे बुजतात. त्यामुळे गंज वरवरचा असेल तर तेवढाच सौम्य रसायनाने काढून, नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फिरवून, मूळ रंग ओरखड्यांसह ठेवणे हेच अनेकदा शहाणपणाचे ठरते. सांधा तडकला असेल किंवा गंज आत शिरला असेल, तर मात्र रंगाची माया धरून चालत नाही.

माया न धरण्याची आणखी एक जागा आहे. ॲल्युमिनियमचे जुने हँडल आणि ते धरणारा स्टेम वरून कितीही चकचकीत दिसले तरी वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी आतून थकलेले असू शकतात आणि ते पूर्वसूचना न देता मोडतात. कडक झालेले ब्रेकचे रबर, तुटत आलेल्या केबल आणि भेगाळलेले टायर यांवर भरवसा ठेवून उतारावर जाणे म्हणजे जिवाशी खेळ. सायकल चालवायची असेल तर हे भाग नवे घ्यावेत, जुने पेटीत ठेवावेत. केवळ मांडून ठेवायची असेल तर जुनेच शोभतात. हा निर्णय आरंभीच घेतला तर पुढचे बरेचसे वाद आपोआप मिटतात.

नवा रंग कधीही देता येतो. कारागिराने दिलेला रंग एकदा खरवडला की परत येत नाही. म्हणून या कामात जे पुन्हा उलट करता येते ते आधी करावे आणि जे उलट करता येत नाही ते शेवटी, तेही दहादा विचार करून. देवळाच्या पाषाणाला लागू असलेला हा नियम सायकलीच्या नळीलाही तितकाच लागू आहे.